दाढेचं बिल: कुठे वाचतं, कुठे वाढतं

एका दाढेचा हिशेब आधी मांडू या. दाढेच्या खाचेत काळपट ठिपका दिसला, दुखत काहीच नाही, आणि त्याच महिन्यात दाखवून घेतलं, तर नागपुरातल्या साध्या खासगी दवाखान्यात दात भरून घ्यायला साधारण ८०० ते १,८०० रुपये लागतात. तोच ठिपका तसाच राहू दिला, थंड पाणी झोंबायला लागलं, मग एखाद्या रात्री ठणक लागून झोप उडाली, की रूट कॅनलचे ४,००० ते ७,००० आणि वर कॅपचे ३,००० ते १२,००० असा खर्च समोर येतो. तेवढे पैसे नाहीत म्हणून दाढ काढून टाकली, तर त्या दिवशी ५०० ते १,५०० रुपयांत सुटल्यासारखं वाटतं. पण रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची तिथे उतरते आणि चावण्याचा सगळा भार एका बाजूवर येतो. पुढे तिथे ब्रिज बसवायचा तर १०,००० च्या आसपास किंवा वर, आणि इम्प्लांट करायचं तर २५,००० ते ४०,००० रुपये.

हे आकडे अंदाज बांधण्यापुरते धरा. रामदासपेठ, धंतोली, धरमपेठेत ते वर जातात, वस्तीतल्या दवाखान्यात खाली येतात. प्रत्येक टप्प्यावर रक्कम कितीपट होते, ते मात्र सगळीकडे सारखंच दिसेल. आणि या सगळ्याच्या आधी एक टप्पा असा आहे की जिथे खर्च जवळजवळ नाहीच. तो स्वयंपाकघरात, ऑफिसच्या टेबलावर आणि चहाच्या टपरीवर असतो. दंतवैद्याकडे जाण्याआधी तोच नीट समजून घेतला पाहिजे, कारण घरातले बहुतेक पैसे तिथे वाचतात.

किती खाल्लं, त्याहून किती वेळा

दातांवर जिवाणूंचा चिकट थर कायम असतो. साखर मिळाली की हे जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. मग लाळ आपलं काम सुरू करते. ती आम्ल धुऊन काढते आणि गेलेले क्षार परत दातात बसवते. याला साधारण अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे दात रोज झिजतो आणि रोज भरूनही निघतो. झिजणं जास्त आणि भरणं कमी असं महिनोन्महिने चाललं, तरच खड्डा पडतो. दातात अळी वगैरे काही नसते. धुरी देऊन किंवा औषध टाकून 'कीड काढून' दाखवणाऱ्याला दिलेला पैसा वाया जातो, आणि त्या नादात दात वाचवायची वेळ निघून जाते.

आता दोन माणसं घ्या. एकाने दुपारच्या जेवणावर दोन मोठे तुकडे संत्रा बर्फी खाल्ली, वर पाणी प्यायलं आणि संध्याकाळपर्यंत काही गोड तोंडात घातलं नाही. दुसरा बर्फीला हात लावत नाही, पण सकाळी सातला चहा-बिस्किट, साडेदहाला ऑफिसात चहा, बाराला एक टॉफी, चारला टपरीवर चहा, सहाला परत चहा, आणि मधल्या वेळात टेबलावरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीतून घोट घोट. दुसऱ्याच्या दाताला दिवसभरात सावरायला वेळच मिळत नाही. त्याचं बिल पहिल्यापेक्षा मोठं होणार.

हे फार जुनं ज्ञान आहे. स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाच्या, बौद्धिक दिव्यांगांच्या रुग्णालयात १९४५ नंतर काही वर्षं रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीने गोड देऊन दात तपासले गेले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांच्या दातांचं नुकसान तुलनेने कमी झालं. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात झपाट्याने किडले. ज्यांना समजून होकार देता येत नव्हता अशा माणसांवर हे केलं गेलं, ते अन्यायाचंच होतं आणि आज कुणाला तसं करता येणार नाही. त्यांच्या दातांची किंमत देऊन मिळालेली ही माहिती आपण निदान वापरली तरी पाहिजे.

म्हणून पहिला नियम असा: गोड खायचं तर जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच. दिवसात गोड तोंडात जाण्याच्या वेळा, चहा धरून, चारच्या आत आणा. चहा सोडायची गरज नाही. तो दहा मिनिटांत पिऊन टाका, तासभर चाखत बसू नका आणि नंतर साध्या पाण्याची चूळ भरा. तीन चहांपैकी एक बिनसाखरेचा करता आला, तर एक हल्ला कमी झाला.

साखरेचा डबा मोजा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी: वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी मिळावं, शक्य असेल तर ५ टक्क्यांहून कमी. मोठ्या माणसासाठी १० टक्के म्हणजे साधारण ५० ग्रॅम, ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. यात मध आणि फळांचा रसही धरतात. गूळ आरोग्याला चांगला म्हणून वेगळा ठेवणारी घरं खूप आहेत. पण गुळातही मुख्यतः साखरच असते, शिवाय तो चिकटतो. दाताला दोन्ही सारखेच.

घरात चमचे मोजत बसणं कुणाला जमत नाही. त्यापेक्षा महिन्याच्या किराण्याची यादी बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला साखर आणि गूळ मिळून ३ किलो येत असेल तर दर माणशी रोज २५ ग्रॅम झाले. ६ किलो येत असेल तर ५० ग्रॅम, आणि तेही बिस्किटं, जॅम, केचप, कोल्ड्रिंक, बाहेरची मिठाई न धरता. लहान मुलं असतील तर मर्यादा याहून खालीच आणायला हवी. सहा किलोची यादी साडेतीन किलोवर आली, तर महिन्याला शंभरेक रुपये तर वाचतातच.

बाटलीबंद कोल्ड्रिंकच्या १०० मिलीलिटरमध्ये बहुतेक १० ते ११ ग्रॅम साखर असते. ६०० मिलीची बाटली एकट्याने संपवली की ६० ग्रॅमच्या वर गेलात. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे दात खराब करायला आपण करही भरतोय. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घसा सुकतो, आणि लाळ कमी झालेल्या तोंडात गोड आंबट पेय जास्त नुकसान करतं. रसवंतीवरच्या उसाच्या रसाच्या मोठ्या ग्लासातही सहा चमच्यांहून जास्त साखर असते. तो प्या, पण बसून, एकदाच, आणि वर पाणी. दिवसभर घोट घोट प्यायला माठातलं पाणी आणि बिनसाखरेचं ताक हे दोनच पदार्थ बरे.

मधल्या वेळच्या खाण्यात सगळ्यात जास्त फसवतं ते बिस्किट. पाच रुपयांच्या ग्लुकोज बिस्किटाचा पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. शंभर ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम साखर आणि बाकी बराचसा मैदा, हे तिथे छापलेलं असतं. आता एक बिस्किट खाऊन दहा मिनिटांनी जीभ दाढांच्या खाचांतून फिरवून बघा. लगदा अजून तिथेच असतो. टॉफी निदान चघळून संपते, बिस्किट आणि चिप्स दाढेत घर करून बसतात. त्याऐवजी फुटाणे, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा चालतो. पाव किलो फुटाणे ४०-५० रुपयांत येतात आणि ते एका मुलाच्या डब्याला आठवडाभर पुरतात. दूध, दही, पनीर यांतलं कॅल्शियम दातांच्या भरपाईला मदतही करतं. आपलं नेहमीचं जेवण, म्हणजे वरण, भाजी, भाकर, जवसाची चटणी, झुणका, दातांना फारसा त्रास देत नाही. कडक खाणं चावलं की लाळ सुटते, हा वरचा फायदा.

संत्र्याबद्दल नागपुरात बोलायलाच हवं. कळमन्याच्या बाजारातून पिशवीभर संत्री आणून सोलून खाणं उत्तम. तंतू चावावे लागतात आणि साखर सावकाश सुटते. रस काढला की हाच पदार्थ गोड आम्ल होतो. लिंबूवर्गीय फळांतलं आम्ल दाताचं आवरण थेट मऊ करतं, जिवाणूंची गरजही पडत नाही. म्हणून संत्रं किंवा लिंबूपाणी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पाण्याची चूळ भरा आणि निदान अर्धा तास जाऊ द्या. हिवाळ्यात उन्हात बसून एकामागून एक संत्री खाण्याचं सुख सोडू नका, पण एका बैठकीत खा, दर तासाला एक असं नको.

मुलांचे दात

२००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते. दुधाचे दात पडणारच आहेत, मग खर्च कशाला, असं म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं: मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. तोवर मुलाला चावायला त्याच आहेत, आणि खालून येणाऱ्या दाताची जागाही त्याच धरून ठेवतात. किडलेल्या दुधाच्या दाढेत पू झाला तर नस काढून उपचार करायला २,५०० ते ४,५०० आणि स्टीलच्या कॅपला १,५०० ते ३,००० रुपये लागतात. भविष्यात दात वेडेवाकडे आले तर तारेचा खर्च वेगळा.

यातलं बरंचसं नुकसान झोपताना होतं. रात्री लाळ फार कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपलं, की ते दूध वरच्या पुढच्या दातांवर रात्रभर साचून राहतं. चोखणीला मध लावणंही तसंच, आणि एक वर्षाच्या आत मध कुठल्याच कारणाने देऊ नये. दूध बिनसाखरेचं द्या, नंतर ओल्या स्वच्छ फडक्याने दात पुसा, वर्षभरानंतर बाटली सोडवून पेल्यावर आणा. खोकल्याची गोड औषधं रात्री दिली तर वर पाणी पाजा.

सुरुवात कशी ओळखायची ते प्रत्येक आईबाबाने एकदा शिकून घ्यावं. मुलाला खिडकीजवळ उजेडात मांडीवर घ्या, वरचा ओठ बोटाने उचला आणि पुढचे चार दात कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसते का? ओल्या दातावर ती दिसत नाही, कोरड्यावरच दिसते. तीच किडण्याची पहिली खूण. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो आणि नुकसान भरून येऊ शकतं: गोडाच्या वेळा कमी करा, फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा ब्रश करा, आणि दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश लावून घ्या. एका वेळचे ५०० ते १,५०० रुपये, दुखत नाही, पाच मिनिटांत होतं. तीच रेघ पिवळी-तपकिरी होऊन खरवडल्यासारखी दिसायला लागली, की खर्च पुढच्या पायरीवर गेला.

सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही आणि ती दुधाचीच समजली जाते. ही दाढ कायमची आहे, जन्मभर वापरायची, आणि तिच्या खाचा खोल असतात. पूर्ण वर आली की त्या खाचा सीलंटने बुजवून घ्या. एका दाढेचे ५०० ते १,००० रुपये. मुलांवर करायचा एकच खर्च निवडायचा असेल तर मी हा निवडेन.

तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर फिरतात आणि बोजाऱ्यात, म्हणजे घरोघर मिळणाऱ्या भेटीत, पैशांबरोबर आता चॉकलेटांची पिशवी भरून येते. ती पिशवी काढून घेऊन मुलाला रडवू नका. ती पंधरा दिवस पुरवून पुरवूनही देऊ नका, कारण रोज दुपारी एक चॉकलेट म्हणजे पंधरा वेगळे हल्ले. त्याच दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवणावर मनसोक्त खाऊ द्या, रात्री ब्रश करून झोपवा, उरलेलं वाटून टाका. बोजारा देणाऱ्या घरांनी चिक्की-टॉफीऐवजी खोडरबर, रंगीत खडू दिले तरी मुलं तितकीच खूश होतात.

पेस्ट, ब्रश आणि पाणी

खोक्यावर 'फ्लोराइड' आणि पीपीएमचा आकडा शोधा. भारतात मर्यादा १,००० पीपीएम आहे, त्याच्या जवळची घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, इतकं तिचं मोल आहे. वनस्पती, कोळसा, मीठ, चमक यांच्या जाहिराती बघून जास्त पैसे मोजण्याचं कारण नाही. साधी दीडशे ग्रॅमची पेस्ट शंभर रुपयांच्या आसपास मिळते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पेस्ट-ब्रशवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. मऊ ब्रश ३०-४० रुपयांचा पुरतो, तीन महिन्यांनी बदला. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट, आणि ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी करून द्यायचा. थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातांवर राहू द्या. एकदाच ब्रश होणार असेल तर तो रात्रीचा करा. मिश्री, गुडाखू, भरड मंजन बंद.

पाण्याचं थोडक्यात. शहरात नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं. पण घर बोअरवेलवर असेल, किंवा गाव चंद्रपूर-यवतमाळकडचं असेल, तर भूजलात फ्लोराइड जास्त असू शकतं आणि मुलांच्या कायमच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत मानतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना तपासून मिळतो. असं पाणी तुरटी आणि चुन्याने शुद्ध करण्याचं नालगोंडा तंत्र आपल्या नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच तयार केलं.

कुठे जायचं, काय विचारायचं

मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. लोक त्याला नुसतं 'डेंटल' म्हणतात. केसपेपर काढून तपासणी होते आणि उपचार सरकारी दरपत्रकाने, म्हणजे खासगीपेक्षा बरेच स्वस्त. आधारकार्ड आणि असेल तर पिवळं रेशनकार्ड सोबत ठेवा, सवलतीचं विचारा. सकाळी ओपीडी सुरू होतानाच पोचा. इथे पैशांऐवजी वेळ जातो: रूट कॅनलला अनेक फेऱ्या होतात. काम शिकणारे डॉक्टर करतात आणि शिक्षक तपासतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रोजीवर काम करणाऱ्याने बुडणारी मजुरी हिशेबात धरावी. चार फेऱ्यांची मजुरी बुडाली तर वस्तीतल्या दवाखान्यात दात भरणं स्वस्त पडू शकतं. हिंगणा रोडला डिगडोह आणि वानाडोंगरीची खासगी दंत महाविद्यालयं आहेत, तिथले दर सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या मधले.

शाळा आणि अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मोफत तपासणी करतं, त्यात दातही बघतात. तिथून आलेली चिठ्ठी दप्तरात पडू देऊ नका, पुढचा उपचार त्याच चिठ्ठीवर मिळतो.

खासगीत उपचार सुरू करण्याआधी चार गोष्टी विचारा: एक्स-रे धरून एकूण किती, किती बैठका, कॅप कोणती आणि तिची हमी किती वर्षांची, आणि दात भरून भागेल का. साधी मेटल-सिरॅमिक कॅप मागच्या दाढेला वर्षानुवर्षं टिकते. झिर्कोनिया घेतलीच पाहिजे असं नाही. एकाच वेळी पाच-सहा दातांचं रूट कॅनल सांगितलं तर एक्स-रेची प्रत घेऊन दुसरीकडे दाखवा. लहान मूल खुर्चीत बसतच नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडबद्दल विचारा. ते लावल्यावर किडलेला भाग काळा पडतो, पण ड्रिल न चालवता कीड तिथेच थांबवता येते. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, अपघात सोडला तर नेहमीच्या दातांच्या उपचारांना बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

खर्रा खाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. सुपारी-तंबाखूने तोंड आकसतं, दोन बोटंही आत जात नाहीत, आणि मग मागची दाढ साधी भरायची तरी उपकरण पोचत नाही. तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडतंय असं वाटलं, की दाताचं दुखणं बाजूला ठेवून आधी तेच दाखवा.

आणि ठणकणारी दाढ दोन-चार दिवसांनी आपोआप थांबली तर बरं झालं समजून अपॉइंटमेंट रद्द करू नका. बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाशी साचत असतो. गाल किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास यांतलं काहीही दिसलं, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मेडिकलच्या अपघात विभागात जा.